संत्रं उड्या काहून मारून राह्यलं?

२००६ साली वरुडात माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि शेंदुरजनाघाटच्या नर्सरीवाल्यांची दरपत्रकं, एवढाच पसारा. फोटोशॉपवर हात बसलेला होता. त्यावरूनच एका नर्सरीवाल्या काकांनी विचारलं, "वेबसाइट बनवता येते का बे तुले?" मी म्हटलं, येते ना काका. तोवर एकही बनवली नव्हती.

मला रीत एकच ठाऊक होती. अख्खं पान फोटोशॉपमध्ये पत्रिकेसारखं सजवायचं. वर संत्र्याच्या फांदीची पट्टी, डावीकडे बटणं, खाली पत्ता. मग 'के' दाबून स्लाइसचं टूल घ्यायचं आणि चित्राचे तुकडे पाडायचे. 'सेव्ह फॉर वेब' केलं की तुकड्यांना ०१, ०२ असे नंबर पडत, त्यांना जोडणारं एचटीएमएलचं (वेबपान लिहायच्या भाषेचं) टेबल आपोआप तयार होई आणि फटी भरायला एका पिक्सेलचं पारदर्शक 'स्पेसर' जिफ, म्हणजे रिकामं चित्रही मिळे. भारनियमनाची वेळ व्हायच्या आत पान तयार.

हसू नका. मराठीपुरतं तरी त्याला कारण होतं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर वेबवर टाकला आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांसाठी ठरवलेल्या एकाच अक्षर-पद्धतीत लिहावं तर विंडोज ९८ वर चौकोन. एक्सपीवरही मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, सीडी घालून ती सोय चालू करावी लागे. एवढं कोण करतो? अक्षरांचंच चित्र केलं की वरुडात काय अन् पुण्यात काय, 'जंबेरी' (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात तो खुंट) सारखीच दिसायची.

सात पानं केली. घोळ असा की प्रत्येक पानाची फाइल वेगळी होती आणि प्रत्येकीचे तुकडे मी नजरेच्या अंदाजाने पाडले होते. एका पानावर वरची पट्टी ११८ पिक्सेल, दुसऱ्यावर १२०. बटणांचा रकाना कुठे १६०, कुठे १६३. कागदावर एवढ्याने काही बिघडत नाही, कारण दोन पत्रिका कोणी एकमेकींवर ठेवून पाहत नाही. ब्राउझरमध्ये एक पान जातं आणि त्याच जागी दुसरं येतं. काका दुकानात स्टुलावर बसले, 'कलमा' दाबलं, 'दर' दाबलं, परत मुख्य पानावर आले. चार वेळा तसंच केलं. मग म्हणाले, "पान पालटलं का हे संत्रं उड्या काहून मारून राह्यलं बे?"

मी म्हटलं, मॉनिटर जुना आहे.

जूनमध्ये कलमांचे दर बदलले, त्याच आठवड्यात काकांचा मोबाइल नंबरही. दोन्ही चित्रात. नंबर तर सातही पानांच्या वरच्या पट्टीत, आणि दोन तुकड्यांच्या बरोबर सांध्यावर. दोन फाइलींचे लेअर (चित्राचे सुटे थर) मी आधीच एकत्र करून ठेवलेले, म्हणजे त्या पट्ट्या मुळापासून परत करणं आलं. शिवाय पान १८० केबीचं. फोनच्या लाइनवर ते उघडेपर्यंत माणूस तंबाखू मळून घ्यायचा.

नागपूरच्या एका मित्राने तेव्हा मला 'सीएसएस झेन गार्डन' दाखवलं. डेव्ह शे याने २००३ मध्ये मांडलेला खेळ: एचटीएमएल तेच, फक्त स्टाइलशीट, म्हणजे सीएसएस या भाषेत लिहिलेली रंग-मापांची फाइल बदलायची की पानाचं रूपच पालटतं. सीएसएसची पहिली आवृत्ती वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये मंजूर केली होती. म्हणजे मी ब्लेडने तुकडे पाडत बसलो होतो तेव्हा ती जवळजवळ दहा वर्षांची झालेली.

काही एका रात्रीत जमलं नाही. पानाच्या डोक्यावर स्ट्रिक्ट डॉक्टाइप, म्हणजे ब्राउझरला नियम काटेकोर पाळायला सांगणारी ओळ लिहिली आणि जुन्या टेबलातल्या तुकड्यांमध्ये बारीक पांढऱ्या भेगा पडल्या. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडतात तशा. ब्राउझर चित्राला ओळीतलं अक्षर समजतो आणि त्याच्याखाली इंग्रजी 'जी', 'वाय'च्या शेपट्यांसाठी जागा सोडतो, हे कळायला दोन दिवस गेले. उपाय एका ओळीचा, 'डिस्प्ले ब्लॉक'. पुढे इंटरनेट एक्सप्लोरर ६ ने छळलं. डावीकडे फ्लोट केलेल्या (कडेला चिकटवलेल्या) रकान्याला डावीकडूनच १० पिक्सेल मार्जिन, म्हणजे मोकळी जागा द्यावी, तर तो २० घ्यायचा. तिथे 'डिस्प्ले इनलाइन' लिहायचं. असं का, हे काकांना सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

पण पट्टीची उंची, रकान्याची रुंदी, शेंदरी रंग आता एकाच फाइलीत आले. १२० म्हणजे सातही पानांवर १२०. नंबर मात्र स्टाइलशीटमध्ये नसतो, तो पानातच राहतो. पण साधा मजकूर झाल्यामुळे नोटपॅडमध्ये शोधून बदलायला पाच मिनिटं पुरली. पुढे युनिकोड सगळीकडे पोचलं तशी चित्रातली अक्षरंही मोकळी केली. आज त्याच साइटवर 'मुक्ता' फॉन्ट आहे. ओळींची उंची १.६ ठेवतो. १.२ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात, आणि इंग्रजीच्या मापाने ओळी आखणाऱ्यांना ते दिसतही नाही.

मागच्या महिन्यात काकांचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये त्याने झकास पान सजवलंय. फांदी, दर, पत्ता, नंबर, सगळं एकाच जेपीजीत. म्हणाला, "दादा, हेच टाकून दे ना साइटवर, नवीन वाटते."

मी ते माझ्या फोनवर उघडून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, रंगपूर लाइम खुंटावरच्या कलमाचा दर वाचून दाखव. त्याने दोन बोटांनी चित्र ताणलं, डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. अक्षरं मोठी झाली तसतशी फुटत गेली.

"पाचचा आकडा आहे का आठचा?" त्याने मलाच विचारलं.