आल्प्समधलं पहिलं स्कीइंग, खिशाला झेपेल असं

पहिल्यांदाच स्की पायात घालणार असाल तर बड्या रिसॉर्टच्या मागे लागू नका. इटलीतलं लिविन्यो बघा: 1816 मीटर उंची, गावालगत सौम्य उतार, स्थानिक बस फुकट. मिलानहून तिरानोपर्यंत रेल्वे, पुढे बस. नाताळ-नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा. जानेवारीचा मधला आठवडा स्वस्त पडतो, थंडी मात्र कडक.

संपूर्ण डोंगरावरच्या लिफ्टचा सहा दिवसांचा पास आधीच काढू नका. पहिले दोन दिवस नवशिक्यांना उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याजवळच जातात. ते पैसे ग्रुप-क्लासला लावा.

बूट घेताना मात्र अजिबात घाई नको. पायात एकच पातळ, लांब मोजा घाला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच उचलली जात असेल तर लहान माप मागा. सैल बुटात स्की वळतच नाही. बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीसाठी, स्वतःचं वजन खरं सांगा. कमी सांगितलं तर स्की उगाच सुटते, जास्त सांगितलं तर पडल्यावरही सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा विमा लागतोच, पण त्यात स्कीइंग धरलेलं असेलच असं नाही. पॉलिसी नीट वाचा. शिवाय इटलीत दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा सक्तीचा आहे. तो पाससोबतच घ्या.