हातचा न घेणारा आकडा

डोंबिवलीने गर्दीखेरीज जगाला काही दिलंय, असं कोणी सांगितलं तर डोंबिवलीकर आधी हसतो. मीही हसलो होतो. पण गणितात ‘डेमलो संख्या’ नावाचं एक कुटुंब आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं ते जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आताच्या डोंबिवलीत. आम्हाला तिथे उभं राहून फक्त ‘आज पण लेट’ एवढंच सुचतं.

त्या कुटुंबातली सगळ्यात देखणी संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एक्के ओळीने लिहा, १११११११११, आणि त्यांना त्यांनीच गुणा. मी मोबाइलवर करून पाहिलं, तर त्याने पुढचे काही आकडे दाखवले आणि शेपटाला ‘ई १६’ लावून हात झटकले. मग लेकीच्या चौकटीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं.

गुणाकार कसला, नुसती एक्क्यांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. बेरजेला उजवीकडून बसलो. पहिल्या घरात एकच एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात पूर्ण नऊ, आणि तिथून उतरण. अगदी स्टेशनचा पूल: चढा, वर पोचा, उतरा. गंमत अशी की सतरा घरांत एकदाही हातचा घ्यावा लागला नाही.

मोठ्याने वाचायची तर १ अब्ज २३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. वाचताना दम लागतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची नावं परार्धापर्यंत, म्हणजे अठराव्या घरापर्यंत आहेत. आपला पहिला एक्का ‘मध्य’ या घरात, परार्धाच्या एकच घर अलीकडे. सगळे अंक मिळवले की ८१, म्हणजे नवाचा वर्ग. आणि या ८१ ने त्या संख्येला गुणलं की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. इतकं नीटनेटकं वागणारं माणूस मला संशयास्पद वाटलं असतं.

म्हणून दहावा एक्का लावून पाहिला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. परार्ध तर ओलांडलाच, वर पुलाचं टोक कोसळलं. शेजारी बसलेल्या लेकीने लगेच विचारलं, “बाबा, इकडचा आठ कुठे गेला?”

मधल्या घरात दहा झाले, शून्य ठेवून हातचा एक निघाला. डावीकडच्या नवात पडला, त्याचेही दहा झाले. तिथून पुढे आठावर, आणि आठाचे नऊ झाले. तिथे मात्र हातचा संपला.

“आणि हा?” तिने उजवीकडच्या आठावर पेन्सिल टेकवली.

हातचा डावीकडेच जातो. उतरायचा जिना जसाच्या तसा होता.