बैर-शेब्याला मागे ठेवलेला चाकर

मंगळवार, रात्री साडेदहा

आईला आत्ताच कूस बदलून दिली. पाठीशी उशी लावली, टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली पंच्याची घडी सरकवली. दर दोन तासांनी हेच. तीन आठवडे झाले, आता अंधारातही हात आपोआप चालतात.

या तीन आठवड्यांत प्रभूकडे माझं एकच मागणं होतं: नोकरी सोडू की नको, ते स्पष्ट सांग. इतकं स्पष्ट, की मला विचारच करावा लागू नये. गेल्या गुरुवारी तर मी डोळे मिटून बायबल उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोट वंशावळीवर पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ठेवलं. मग माझीच मला लाज वाटली. ज्याला मी बाप म्हणते, त्याच्याशी बोलायचं सोडून मी चिठ्ठ्या काढत बसले होते. येशूच्या प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली, हे खरं. पण ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि त्यानंतर त्या पुस्तकात कुणी चिठ्ठ्या टाकताना दिसत नाही. पुढे पंधराव्या अध्यायात मोठा पेच येतो तेव्हा ते एकत्र बसतात, वाद घालतात, एकमेकांचं ऐकून घेतात आणि शेवटी पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटलं. त्यातला ‘आम्हांला’ हा शब्द मला फार आवडतो. देव मार्ग दाखवतो, पण आपलं डोकं बाजूला काढून ठेवत नाही.

आज सकाळच्या वाचनात 1 राजे, अध्याय 19 आला. मी क्रमाने वाचतेय, त्यामुळे आजच तो का आला, याचा फार अर्थ लावत नाही. पण बसल्या जागी तीनदा वाचला.

कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला एलीया संदेष्ट्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तरी ईजबेल राणीचा, त्याला मारून टाकण्याचा एक निरोप आला आणि तो जीव घेऊन पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देव यावर रागावत नाही. समजावतही नाही. एलीया झोपतो, त्याला झोपू देतो. मग दूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. दूत पुन्हा येतो. दुसऱ्यांदाही खायलाच घालतो, आणि एवढंच म्हणतो की तुझी वाट लांबची आहे. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. थकलेल्या माणसाला देवाने आधी प्रश्न विचारला नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मंडळीतल्या एक मावशी आल्या. वयाने सत्तरीच्या पुढे. मी आईच्या पलंगाला टेकून बसले होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ऊठ गं, दोन घास खा आणि आत जाऊन झोप. मी बसते इथे.” मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलंच नाही. सलग पाच तास झोपले. उठले तेव्हा त्या आईचा हात हातात घेऊन हलक्या आवाजात स्तोत्र म्हणत होत्या.

आणि मी मात्र सोमवारी सकाळी प्रार्थनेत पुन्हा तेच म्हटलं, ‘प्रभू, माझं कुणी नाही, मी एकटीच आहे.’

एलीयाही दोनदा तेच म्हणतो, अगदी त्याच शब्दांत: मी एकटाच उरलोय. देव सांगतो, बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. हे उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. आज नजर अडकली ती तिसऱ्या वचनावर. रानात शिरण्याआधी एलीयाने आपल्या चाकराला बैर-शेब्याला मागे ठेवलं आणि मग तो एकटा पुढे गेला. बरोबरचं माणूस त्याने स्वतःच मागे ठेवलं होतं.

मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. दादाचा पहिल्याच आठवड्यात फोन आला होता, येऊ का म्हणून. मी म्हटलं, नको, मी बघते, देव आहे. वहिनी रात्रपाळी वाटून घेऊ म्हणाली, तिलाही तेच सांगितलं. देवाचं नाव घेऊन मी माणसांना दारातूनच परत पाठवत होते, आणि वर त्याच देवाकडे तक्रार करत होते की तू कुणाला पाठवत नाहीस. याला मी विश्वास म्हणत होते. तो विश्वास नव्हता. त्यात माझा हट्ट होता, आणि दादावरचा जुना रागही. बाबांच्या आजारपणात तो उशिरा आला, तो राग.

दुपारी दादाला फोन केला. ‘ये’ हा एवढासा शब्द तोंडातून काढायला मला किती वेळ लागला! तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “शुक्रवारी रात्री निघतो. आईला सांग.” आईला सांगितलं. तिला बोलता येत नाही अजून, पण डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर दाबली.

नोकरीचं अजून ठरलेलं नाही. शनिवारी तिघं बसून बोलू, आधी प्रार्थना करू. आज रात्री मी उत्तर मागितलं नाही. दादाच्या प्रवासासाठी प्रार्थना केली, मावशींच्या गुडघ्यांसाठी केली, आणि तो जुना राग जसा आहे तसा प्रभूसमोर ठेवला. सगळा गेलाय असं म्हणणार नाही.

साडेबाराचा गजर लावलाय. तोवर थोडं पडते.