पोहण्यावर कॉलेज: लेकीच्या रिक्रूटिंगची गोष्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक ब्रेस्टस्ट्रोक पोहते. क्लबात पहिल्या काहींत, राज्यात मधेच कुठेतरी. रिक्रूटिंग म्हणजे कॉलेजच्या कोचने आपल्या टीमसाठी मुली निवडणं. ‘पोहण्यावर कॉलेज फुकट होईल’ असं सांगणाऱ्यांची कमी नव्हती. हिशेब वेगळाच निघाला. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, मुलींच्या एका टीमला पूर्वी जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप देता यायच्या, त्याही बऱ्याचदा तुकडे करून वाटलेल्या. २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात कोर्टात समझोता झाला. तो स्वीकारलेल्या कॉलेजांत हा नियम बदलला, पण टीममध्ये किती जणी ठेवायच्या यावरच मर्यादा आली.

पोहण्यात एक बरं असतं, वशिला चालत नाही. कोच आधी वेळ बघतो, मग बाकीचं. कॉन्फरन्सच्या (आपसात स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) शर्यतींचे निकाल नेटवर असतात. त्यात आपल्या प्रकारात आठवी आलेल्या मुलीची वेळ शोधायची आणि शेजारी आपल्या मुलीची लिहायची. कॉलेजांची अर्धी यादी तिथेच गळते. वेळ मात्र यार्डांतलीच धरायची, कारण कॉलेजच्या मोसमात २५ यार्डांचा तलाव असतो.

दहावी संपली की १५ जूनपासून डिव्हिजन वनचे कोच मुलींशी थेट बोलू शकतात. आमच्याकडे आली ती कॉलेजांच्या पोहण्याच्या कॅम्पची आमंत्रणं. ज्या ईमेलच्या शेवटी फी भरायची लिंक असते ते बोलावणं नव्हे, जाहिरात.

मग आम्ही डिव्हिजन थ्रीकडे, म्हणजे तिसऱ्या गटाकडे, वळलो. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही (हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीगच्या कॉलेजांतही नाही, हे अनेकांना पटत नाही). पैसे मिळतात ते घरच्या उत्पन्नावर किंवा मार्कांवर. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (घरची माहिती भरली की खर्चाचा अंदाज देणारं) आधी भरलं, कोचला ईमेल नंतर. ईमेल लेकीनेच लिहायचे, फोनही तिनेच करायचे. आईबाप मधे बोलले की कोचचा सूर लगेच औपचारिक होतो. मला गप्प बसणं जड गेलं.

अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात ‘प्री-रीड’ झालं, म्हणजे अर्जाआधीची चाचपणी. मार्कांची ट्रान्स्क्रिप्ट, बारावीचे विषय आणि एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर कोचने ॲडमिशन ऑफिसला दाखवला. तिथून होकार आल्यावर कोचचा खरा प्रश्न आला: अर्ली डिसिजनने अर्ज करशील का? तो अर्ज बांधून घेणारा. निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजची ऑफर समोर ठेवून घासाघीस करता येत नाही. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी आम्ही आर्थिक मदतीचा अंदाज लेखी मागितला. काही कॉलेजं तो देतात. एकाने टाळाटाळ केली, ते यादीतून काढलं.

शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात जागा मिळाली. मेरिटचे (मार्कांवर मिळणारे) पैसे वजा जाता उरलेला खर्च आमच्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या आसपास येतो. त्या मेरिटच्या पत्रात गणिताचं कौतुक आहे, पोहण्याचा उल्लेखसुद्धा नाही.