टबातलं बदक

मे, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

दोन दिवस उभं राहून पाय भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. आज हॅवर डी ग्रेसहून लाकडी बदक आणलं. नवऱ्याने दारातच विचारलं, "कितवं?" मी म्हटलं, "मोजत नाही." (अकरावं.)

सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथलं हे मेरीलँडमधलं छोटं गाव. नदीच्या मुखाशी पाणी उथळ, तळाशी पाणगवत, आणि ते खायला हिवाळ्यात कॅनव्हसबॅक बदकांचे थवेच्या थवे उतरायचे. त्यांना भुलवायला शिकारी लाकडी बदकं पाण्यावर सोडत. वरून उडणाऱ्याला वाटावं, खाली आपलीच मंडळी निवांत चरतायत. या फसव्या बदकाला इथे डिकॉय म्हणतात. बारीकसारीक सुबक कोरीव काम करून त्याचं कौतुक करावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. खुरपं, कोयता तसंच हे. हंगाम संपला की पोत्यात भरून शेडमध्ये.

मला सगळ्यात विचित्र वाटतं ते सिंकबॉक्स. पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेलं शवपेटीसारखं खोकं, त्याच्यात शिकारी उताणा पडलेला, आणि भोवती शेकडो लाकडी बदकं. खोक्याच्या कडांना जोडलेले सपाट पंख पाण्यालगत दाबून ठेवायला त्यांच्यावर लोखंडाची ओतीव बदकंसुद्धा ठेवत. पक्षी इतके मारले जात की शेवटी कायदा आडवा आला. १९१८ च्या कायद्याने रानबदकं मारून बाजारात विकणं बंद झालं, पुढे १९३५ मध्ये सिंकबॉक्सवरही बंदी आली. त्याच १९१८ च्या सुमारास जोएल बार्बर नावाचा न्यूयॉर्कचा एक वास्तुविशारद ही बदकं जमवू लागला. ही कला आहे असं मोठ्याने म्हणणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो. त्याचा संग्रह आज व्हरमाँटच्या शेलबर्न संग्रहालयात आहे.

आणि आता? एल्मर क्रोवेल या जुन्या कारागिराने केलेले दोन डिकॉय २००७ मध्ये प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर विकले गेले. माझं आजचं २७० डॉलरचं. कॅनव्हसबॅक नर, पांढरी पाठ, तांबूस डोकं. सही नाही, कुणी केलं ते कळायला मार्ग नाही. बुडाला शिशाची पट्टी, चोचीच्या टोकाचा टवका उडालेला, शेपटीजवळ छर्ऱ्यांची तीन भोकं. आणि रंग मूळचा नाही, नंतर फासलेला.

हे शेवटचं वाक्य लिहिताना चार वर्षांपूर्वीचा राग परत वर येतो. तेव्हा एका विक्रेत्याने "मूळ रंग आहे" म्हणून गळ्यात मारलेलं बदक घरी आणून ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली धरलं, तर अर्धी पाठ वेगळीच चमकायला लागली. आठवडाभर त्या बदकाकडे बघवत नव्हतं. मग आजचं का घेतलं, तेही माहीत असताना? कारण मधल्या काळात माझं मत बदललंय. संग्राहक मूळ रंगासाठी जीव टाकतात, ठीक. पण हे कामाचं हत्यार होतं. पाणी, बर्फ, छर्रे खाऊन रंग गेला की शिकारी उन्हाळ्यात स्वतःच्या अंगणात बसून, हाताशी असेल तो रंग फासायचा. विकताना फसवायला दिलेला रंग वेगळा आणि हा वेगळा. मानेपाशी टवके उडालेत तिथे तीन थर तरी दिसतात. खरडून खालचा काढायचा सल्ला आज दोघांनी दिला. मी हसून मान डोलावली.

गावच्या डिकॉय संग्रहालयात मॅडिसन मिचेलची बदकं पुन्हा पाहिली. हा माणूस व्यवसायाने अंत्यसंस्कार करणारा, आणि उरलेल्या वेळात हजारो बदकं करून विकणारा. धडं लेथवर, मग पुढचं हाताने. १९९३ मध्ये गेला. किती शिकारी त्याची बदकं घेऊन पाण्यावर गेले असतील आणि शेवटी त्याच्याच दारी आले असतील, असा विचार आला आणि काचेसमोर एकटीच हसले. शेजारच्या बाई जरा सरकल्या.

आजीकडे सावंतवाडीची लाकडी फळं होती. पाहुण्यांची मुलं आंब्याला चावायची, आणि आजीला त्याचाच आनंद. एका आंब्यावर दातांच्या खुणा कायमच्या होत्या. तो आंबा कुठे गेला कोण जाणे. पुण्याच्या घराची आवराआवर झाली तेव्हा मी इथे होते.

जाता जाता एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितलं होतं, हातात घेऊन काय बघतेस, पाण्यात टाकून बघ. म्हणून आत्ता बाथटब भरला. नवरा दात घासायला आला, टबाकडे बघितलं, काही बोलला नाही. बदक आधी भोवऱ्यासारखं गोल फिरलं, मग तोंड नळाकडे करून थांबलं.

डावीकडे किंचित कलतंय. शिशाची पट्टी वाकडी बसवलीय कुणीतरी.