अकारविल्हे ०.४ : सोडण्याआधी सगळीकडे चालवून बघताना

मंडळी, 'अकारविल्हे'च्या ०.४ आवृत्तीचा पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे सोडण्याआधीची तपासणीची प्रत, तयार आहे. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयाची यादी मराठी वर्णक्रमाने लावून देणारं हे छोटं पायथन पॅकेज. ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर यावेत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. संगणकावर सोडलं तर तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, आकड्यांप्रमाणे लावतो. मग 'बळ' हे 'बस' आणि 'बहर' यांच्या आधी येतं आणि 'क्षितिज' क च्या खणात जाऊन बसतं. वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंनी तशी यादी पाहून विचारलं होतं, "अरे, क्ष ची पुस्तकं कुणी नेली की काय?"

या आवृत्तीत मुखपृष्ठांच्या स्कॅन फायली यादीला जोडायची सोय आली. पुस्तकाचं नाव तेच फायलीचं नाव. ऐकायला साधं, पण तपासणीचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

मांडणी नेहमीचीच. गिटहब अ‍ॅक्शन्सवर (चाचण्या आपोआप चालवणारी सेवा) उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), विंडोज आणि मॅकओएस, प्रत्येकावर पायथन ३.१० ते ३.१३, म्हणजे बारा कामं. एक पडलं की बाकीची थांबवण्याची सोय बंद ठेवली आहे, कारण कुठे पडतंय यापेक्षा कुठे पडत नाही हे जास्त कळायला हवं असतं. सार्वजनिक रिपॉझिटरीला (सगळ्यांना खुल्या कोडच्या साठ्याला) हे फुकट मिळतं. 'बुक१', 'बुक२' अशा नमुन्यांवर बाराही कामं बिनबोभाट हिरवी होतात, आणि त्या हिरव्या रंगाला माझ्या लेखी काही किंमत नाही. इंग्रजी अक्षरांवर तिन्ही सिस्टिम एकसारख्याच शहाण्या. म्हणून चाचणीच्या फोल्डरात मी फक्त मराठी नावं ठेवतो, आणि त्यातली सगळ्यात कामाची जोडी आहे 'दर्या' आणि 'दऱ्या'.

'दऱ्या'तला ऱ हा युनिकोडमध्ये एक स्वतंत्र वर्ण आहे, ०९३१. पण तोच र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा फोडूनही लिहिता येतो. पडद्यावर फरक दिसत नाही; यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) मात्र एकाचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६. लिनक्सची ईएक्सटी४ आणि विंडोजची एनटीएफएस या फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धती) ही दोन वेगळी नावं समजतात, त्यामुळे एकाच फोल्डरात डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फायली राहू शकतात. मॅकची एपीएफएस दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही एकच मानते. त्याआधीची एचएफएस प्लस तर नाव घेतानाच फोडून ठेवते. म्हणजे यादीत अखंड ऱ, डिस्कवरून परत येतो तो फोडलेला, आणि प्रोग्राम म्हणतो मुखपृष्ठ सापडलं नाही.

हे पहिल्यांदा दिसलं ते कोपरखैरण्याच्या मित्राकडे, त्याच्या जुन्या मॅकच्या हार्ड डिस्कवर. दर वेळी ठाणे-वाशी लोकल पकडून त्याच्याकडे जायला नको म्हणून आता मॅकच्या कामातच एचडीआययूटिल या मॅकच्या आज्ञेने एचएफएस प्लसची एक छोटी डिस्क इमेज बनवतो, माउंट करतो आणि सगळ्या चाचण्या तिच्यावर पुन्हा चालवतो. मिनिटभराचं काम आहे. फाइलनावांशी खेळणाऱ्या प्रत्येकाने हे उचलावं.

उपाय म्हणजे तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या जुळवलेल्या रूपात आणणं. ऱ त्यात पुन्हा जुळून येतो. मात्र डिस्कवरच्या नावाला हात लावायचा नाही, फक्त तुलनेपुरतं. वाचनालयात हिंदी पुस्तकंही आहेत, आणि 'सड़क'मधला ड़ एनएफसीत उलट फुटतो. तो युनिकोडच्या अपवादांच्या यादीत आहे. दोन्ही बाजूंना एकच नियम लावला की त्याने बिघडत नाही.

एनएफसीला न सुटणारा प्रकार वेगळाच. काही कीबोर्ड अजून 'दऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर घालतात. हा अदृश्य वर्ण काढला की उरतो तो 'दर्या'. नॉर्मलायझेशन (म्हणजे एनएफसीत आणणं) त्याला शिवत नाही, म्हणून तो जोड मी क्रमाच्या किल्लीत (नावं लावताना तुलनेला वापरायच्या रूपात) ऱ मध्ये बदलून घेतो. आणि नेहमीच्या एचएफएस प्लसवर नावांची तुलना करताना हा जॉइनर चक्क दुर्लक्षिला जातो! म्हणजे जॉइनरवाली 'दऱ्या' आणि 'दर्या' तिथे एकच फाइल. दुसरी लिहिली की पहिली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) तातडीने दुरुस्ती सोडावी लागली होती, त्यातलं एक कारण हेच दुर्लक्षित वर्ण होते. आता लिहिण्याआधी तशी फाइल आहे का हे पाहतो आणि असेल तर थांबून विचारतो.

विंडोजवर दुखणं निराळं. पायथन ३.६ पासून कन्सोलवर मराठी नीट छापलं जातं, पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की एन्कोडिंग सीपी१२५२ (विंडोजची जुनी, देवनागरी नसलेली अक्षरसूची) होतं आणि पहिल्याच अक्षराला 'चारमॅप'ची चूक येते. यूटीएफ-८ आपणहून मिळणार ते पायथन ३.१५ पासून, तोवर प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहायचं. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची अदृश्य खूण) असतो, तो काढला नाही तर पहिल्या ओळीचं पुस्तक भलत्याच जागी जातं. काकूंच्या संगणकावर युजरचं फोल्डरच 'वाचनालय' असं देवनागरीत आहे. गिटहबच्या यंत्रावर असलं काही नसतं, त्यामुळे चाचणीत तसा रस्ता मुद्दाम तयार करतो.

अल्पाइन या छोट्या लिनक्सवर काही तुटलं नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. सिस्टिमच्या लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) क्रम सोडायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. अल्पाइनची मसल ही मूळ सी लायब्ररी भाषेनुसार क्रम लावतच नाही, नुसते बाइट पाहते. इतर बहुतेक लिनक्सवरच्या ग्लिबसीकडे मराठी लोकेल आहे, पण डॉकरच्या सडपातळ इमेजमध्ये (तयार सिस्टिमच्या छोट्या प्रतीत) ते तयार केलेलं नसतं. त्यामुळे वर्णक्रमाचा तक्ता पॅकेजमध्येच आहे. तो व्हीलमध्ये (पॅकेजच्या बसवायच्या फायलीत) खरंच जातोय ना, हे पाहायला चाचण्या सोर्स फोल्डरातून न चालवता कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये व्हील बसवून चालवतो.

पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारावर चढवलेली फाइल काढून टाकली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, म्हणून आधी ०.४आरसी१. पिपला (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला) प्री-रिलीज हवी असं सांगितलंत तरच ती मिळेल.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूईएमयूत (संगणकातल्या आभासी संगणकात) फ्रीबीएसडी ही सिस्टिम अजून कूर्मगतीने चालू आहे. एआरएम प्रोसेसरवरचं विंडोज आणि एक्सफॅट फाइलसिस्टिमचा पेनड्राइव्ह माझ्याकडून राहिलंय. ज्यांच्याकडे असेल त्यांनी चाचणी-फोल्डरातल्या 'दर्या' आणि 'दऱ्या'च्या सगळ्या फायली तिथे कॉपी करून पाहाव्यात. किती उरल्या आणि डिस्क कुठल्या प्रकारची, एवढं कळवलंत तरी पुरे.