गुळवेलीवरचे डोळे

"मॅडम, तेल्या आलाय वाटतंय. फळं गळायलीत." मोहोळ तालुक्यातून फोन आला तेव्हा श्रावण चालू होता आणि अंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहाराची, फळं उतरायला आली होती. 'तेल्या' हा शब्द ऐकला की सोलापुरात डाळिंबाचं काम करणाऱ्या कुणाच्याही पोटात गोळा येतो. या रोगापायी लोकांनी उभ्या बागा उपटून टाकल्यात. हातातलं काम टाकून मी निघाले.

बागेत गळालेलं पहिलं फळ उचललं आणि जीव भांड्यात पडला. तेल्याचा डाग काळपट, तेलकट असतो आणि फळ त्या डागातूनच तडकतं. इथं भगवा जातीच्या डाळिंबाच्या लालभडक सालीवर टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक होतं, त्याच्याभोवती मऊ पडलेलं तपकिरी वर्तुळ. अंगठ्यानं दाबलं तर भोकातून रस आला. फोडलं तर आतले दाणे सडलेले.

हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. मालकांनी तोवर बरीच औषधं मारली होती. "काय फरकच पडंना," म्हणाले. पडणार कसा? हा पतंग बागेत राहतच नाही. अंधार पडल्यावर बाहेरून येतो, सोंड खुपसून रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. बहुतेक पतंगांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती मऊ असते. याची मात्र कडक, टोकाला काटेरी, डाळिंबाची जाड साल भेदणारी. त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि फळ जातं. दिवसा फवारलेलं औषध फळावर बसतं, पतंगाच्या अंगावर नाही. मालकांना हे पटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, रात्री दाखवते. वहिनींनी जेवायला थांबवून घेतलं.

आठ वाजून गेल्यावर बॅटऱ्या घेऊन आम्ही बागेत शिरलो. बॅटरीच्या झोतात या पतंगाचे डोळे लालसर चमकतात, त्यामुळं शोधायला फार वेळ लागला नाही. पिकल्या फळावर एक सुकलेलं, किंचित हिरवट पान चिकटल्यागत दिसत होतं. मालकांना आधी पानच वाटलं. "हात लावा," म्हटलं. त्यांनी बोट नेलं आणि त्या पानानं एकदम पुढचे पंख वर केले. खालून गडद नारिंगी रंगाचे मागचे पंख उघडले, प्रत्येकावर काळा गोल ठिपका. मालकांचा हात झटक्यात मागं आला. मग हसले. पुन्हा बोट नेईपर्यंत पतंग उडून गेला होता.

त्यांचा मागं आलेला हात मला फार मोलाचा वाटला, कारण चिमण्या-बुलबुलांचंही हेच होतं. पक्षी चोच मारायला येतो, अचानक नारिंगी रंग भडकतो, तो क्षणभर थबकतो. पतंगाला तेवढा क्षण पुरतो. त्याहून हुशारीची गोष्ट पुढं आहे. उडताना दिसणारा तो रंग पतंग बसताक्षणी झाकला जातो. पाठलाग करणारा नारिंगी काहीतरी शोधत राहतो आणि समोरचं सुकं पान ओलांडून जातो. ठिपका गोल होता म्हणजे हा, शास्त्रीय नावानं, यूडोसिमा मॅटर्ना. त्याच्याच दुसऱ्या एका भाऊबंदाच्या पंखावर तो स्वल्पविरामासारखा वळलेला असतो.

बागेतून परतताना मोटारीच्या खोलीवरच्या दिव्याभोवती बारीकसारीक पतंग घिरट्या घालत होते. वटवाघळंही येऊन जात होती. मी मालकांकडून किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला आणि दिव्याखाली जोरात खुळखुळवला. काही पतंगांवर काहीच परिणाम झाला नाही. पण काहींनी उडता उडता पंख मिटले आणि दगडासारखे खाली पडले. मालकांची नात ओरडली, "मेले का?" मेले नव्हते. किल्ल्यांच्या खणखणाटात आपल्याला ऐकू न येणारे, वीस हजार हर्ट्झच्या वरचे आवाजही असतात. वटवाघूळ शिकार शोधताना असेच आवाज काढतं. बऱ्याच पतंगांना छातीच्या मागच्या बाजूला कान असतात. या गटातल्या पतंगांच्या एकेका कानात आवाज टिपणाऱ्या पेशी फक्त दोन! केनेथ रोडर हे कीटकांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून हे तपासलं. एक पेशी लांबचा मंद आवाज पकडते, तेव्हा पतंग दिशा बदलून दूर जातो. दुसरी फार जोराच्या, म्हणजे अगदी जवळ आलेल्या आवाजाला जागी होते. पतंगाचं वेडंवाकडं गटांगळ्या खाणं किंवा सरळ खाली पडणं तेव्हाचं. दोन पेशींवर एवढा निभाव लागतो, याचं मला आजही नवल वाटतं.

रात्री तिथंच मुक्काम केला, कारण खरा प्रश्न शिल्लक होता. पतंग येतात कुठून?

सकाळी बांधावरून फिरताना कडुनिंबावर चढलेला गुळवेल दिसला. चांगला जुना, बोटाएवढ्या जाड वेलाचा. कुंपणाला वसनवेलही होता. या पतंगाच्या अळ्या डाळिंब खात नाहीत, या वेलींची पानं खातात. आम्ही पानं उलटायला लागलो. तेवढ्यात कामाला आलेल्या एक मावशी किंचाळून मागं सरल्या. "साप हाय, साप!"

साप नव्हता. काळपट मखमली रंगाची, बोटभर लांब अळी होती. तिनं डोकं पोटाखाली दुमडून घेतलं होतं, शेपटाकडचा भाग वर उचलला होता आणि अंगाच्या वळणावर दोन मोठे डोळे वटारले होते. ते डोळे नव्हेतच, कातडीवरचे गोल ठिपके. खरे डोळे इतके बारीक असतात की सहज दिसतही नाहीत. पक्ष्यालाही तो वाकलेला आकार आणि ते गोल डोळे क्षणभर सापाची धास्ती देतात. नातीनं मग एकटीनंच पुष्कळ अळ्या शोधल्या. तिची नजर माझ्याहून तेज होती.

त्याच बांधावर रुईभोवती बिबळ्या कडवा फुलपाखरं अगदी सावकाश तरंगत होती. नात म्हणाली, "ही लपत का नाहीत?" त्यांना लपायची गरज नाही. त्यांच्या अळ्या रुईचा विषारी चीक पचवून अंगात साठवतात, ते विष फुलपाखरातही उतरतं. एकदा चाखून ओकणारा पक्षी तो नारिंगी-काळा रंग विसरत नाही. छोटा चांदवा या फुलपाखराची मादी नेमका तोच वेश घेऊन फिरते, अंगात विष नसताना. अशा नकलेचा उलगडा हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकांनी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं पाहून १८६२ मध्ये केला होता. आपल्याकडं तो मोहोळच्या बांधावर बघायला मिळतो.

उपायावर मात्र घरात वाद झाला. पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं, यजमान वेली, म्हणजे अळ्या ज्यांवर वाढतात त्या वेली, काढून टाका. आण्णा, मालकांचे वडील, ऐकायला तयार नव्हते. "कोरोनात ह्या वेलाचा काढा पिऊन आमी उभं ऱ्हायलो. तोडायचा न्हाई." मला त्यांचं म्हणणं पटलं. वसनवेल कुंपणावरून काढायचा, कडुनिंबावरचा गुळवेल ठेवायचा, पण पावसाळाभर दर आठवड्याला त्यावरच्या अळ्या वेचायच्या, असं ठरलं. राहिलेल्या फळांना कागदी पिशव्या, संध्याकाळी बागेच्या कडेनं धूर, रात्री बॅटरी घेऊन पतंग वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकणं. फवारणी बंद. गळालेली फळं उचलून खड्ड्यात पुरायची, कारण सडक्या फळांचा वास आणखी पतंग ओढून आणतो.

मालकांनी पिशव्यांचा खर्च मांडून पाहिला. पिशव्या, वर मजुरी. अवघड होतं, पण औषधांच्या बिलापुढं फार नव्हतं. ज्या ओळींना त्यांनी पिशव्या घातल्या, तिथलं फळ स्वच्छ निघालं. कडेच्या दोन ओळी उघड्या राहिल्या, तिथलं बरंच फळ गेलं. आता कुठल्याही बागेत टाचणीएवढं भोक दिसलं की मी आधी बांधावर कुठल्या वेली आहेत ते बघते, औषधांच्या बाटल्या नंतर. आणि अळ्या वेचायला शक्यतो घरातलं शाळकरी पोर बरोबर घेते.